गवताचा तक्ता

"फिनलंड हिरवं कर," देवस्थळी साहेब म्हणाले, "आणि भारत लाल. लाल लांबूनही दिसतो."

"दिसायला आधी रेघ जमिनीवरून उठली तर पाहिजे, साहेब," मी म्हटलं.

ते हसले. माझं असं बोलणं त्यांना चालायचं. नियोजन विभागात आम्ही सहा जण होतो. त्यातली बाई मी एकटी, आणि आकड्यांच्या बाबतीत साहेबांना उलट उत्तर देणारीही मी एकटीच. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "मंदा सातपुते आकड्यात चुकत नाही." ते ऐकलं की मी चार बोटं उंच व्हायची. आज तेच वाक्य आठवलं तर कानशिलं तापतात, पण ते पुढे येईलच.

१९९१ चा डिसेंबर होता. वैनगंगेच्या काठी आमची कागदाची गिरणी होती. तिचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, आता तिथे कुंपणाचे खांब तेवढे उरलेत. गिरणीला सगळे मिल म्हणायचे आणि मिलच्या ज्या भागात बांबू शिजवून त्याचा लगदा करत, त्याला पल्प. माझे बाबा, लटारी सातपुते, अठ्ठावीस वर्षं पल्पमध्ये होते. बांबूचे तुकडे सोड्याच्या पाण्यात शिजवायचं तीन मजली उंच भांडं असतं, त्याला डायजेस्टर म्हणतात. अशी चार भांडी बाबांच्या ताब्यात होती. लगदा नीट शिजला का, हे प्रयोगशाळेतून कळायला पाऊण तास लागे. बाबा चिमूटभर लगदा अंगठ्या-बोटात चोळायचे आणि सांगायचे, "अजून दहा मिनिटं." पाऊण तासानं प्रयोगशाळा तेच सांगायची.

त्या शिजण्याला नासक्या कोबीसारखा वास यायचा. तो बाबांच्या सदऱ्यातून, केसांतून, आमच्या घरातल्या गोधड्यांतूनही कधी गेला नाही. शाळेत पोरी माझ्या शेजारी बसताना नाक मुरडायच्या. त्याही मिलवाल्यांच्याच पोरी, त्यांच्याही घरी तोच वास. पण माणसाला दुसऱ्याचाच वास आधी येतो.

सोमवारी बैठक होती. मुख्य कचेरीतून दोन मोठे साहेब येणार होते आणि प्रश्न एकच होता: पल्प चालू ठेवायचा की बंद करायचा. बंद केला तर परदेशातून जहाजानं तयार लगदा आणायचा आणि इथे नुसता कागद काढायचा. पल्पमध्ये एकशेचाळीस माणसं होती, आणि त्यांना बांबू पुरवणारे जंगलातले तोडणारे वेगळेच. हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. माझ्या टेबलावरचा तक्ता त्याच बैठकीसाठी होता. वर मी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'लाकडाच्या लगद्याचे उत्पादन, भारत व फिनलंड, १९६१ ते १९९०.'

फिनलंडमध्ये माणसं किती, तर आपल्या मुंबईच्या निम्मी. आणि त्यांची हिरवी रेघ एकसष्ट सालापासून जी चढायला लागली ती कागदाच्या डोक्यापर्यंत गेलेली. आमची लाल रेघ तीस वर्षं तळाशी सरपटत होती. मला आकडे दिले, मी रेघा काढल्या. रेघ कोणाच्या पोटावर येते हे रेघ काढणाऱ्यानं बघायचं नसतं, असं मी स्वतःला सांगत होते. पगार घेणाऱ्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही.

शनिवारी दुपारी मी आकडे पुन्हा ताडून पाहत होते. ते आकडे एका जाडजूड परदेशी वार्षिकातून घेतले होते. चौऱ्याहत्तरचा आकडा मला खटकला म्हणून पानं चाळायला लागले, आणि चाळता चाळता चार पानं पुढे गेले. तिथे दुसराच तक्ता निघाला. वर लिहिलं होतं, 'इतर तंतूंचा लगदा', आणि खाली मुंगीच्या अक्षरात टीप: बांबू, पेंढा, उसाचं चिपाड वगैरे.

मी ती टीप तीनदा वाचली. मग भारताच्या ओळीवरून बोट फिरवलं. आकडे भरभक्कम होते आणि दर वर्षी वाढत होते. फिनलंडच्या ओळीत बहुतेक ठिकाणी नुसती आडवी रेघ होती.

म्हणजे आम्ही जे तीस वर्षं शिजवत होतो ते माझ्या तक्त्यात नव्हतंच. बांबू हे गवत. गवताचा लगदा लाकडाच्या लगद्यात धरत नाहीत. आणि हे मला, पिढ्यान्‌पिढ्या बांबू विणणाऱ्या बुरडाच्या पोरीला, परदेशी पुस्तकातल्या मुंगीच्या अक्षरांनी सांगावं लागलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

निळा आलेखाचा कागद घेऊन मी तासाभरात दुसरी रेघ काढली, बांबू धरून. ती फिनलंडइतकी उंच जात नव्हती, पण चढत होती. पाय टेकत टेकत, दम घेत का होईना, तीसही वर्षं चढत होती. तो कागद घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, मोठा घोळ झालाय. बांबू यात नाहीच."

"कशात?"

"लाकडाच्या लगद्यात. बांबू ते गवतात धरतात. तो पुढच्या तक्त्यात आहे. तिथे आपण चढतोय आणि फिनलंड शून्य आहे."

"शून्य नाही," साहेब म्हणाले. कागदासाठी त्यांनी हात पुढे केला नव्हता. "आडवी रेघ आहे. शून्य आणि आडवी रेघ यात फरक असतो."

मला समजायला क्षणभर लागलं. ते पान त्यांनी माझ्याआधी पाहिलेलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"बस," ते म्हणाले. मी बसले. "तुझ्या तक्त्याचं शीर्षक वाच बरं मला."

मी वाचलं.

"यात एक अक्षर तरी खोटं आहे?"

"नाही."

"मग घोळ कुठे आहे? मंदा, हा निर्णय दिल्लीला मुख्य कचेरीत झालेला आहे. तक्ता नुसता भिंतीला लावायला हवाय त्यांना. तू निळा कागद दाखवलास म्हणून पल्प चालू राहणार नाही. तक्ता करणारी बदलेल, एवढंच."

त्यांचं म्हणणं खरं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. कदाचित खरं असेल. पण त्या वेळी ते मला खरं हवं होतं, म्हणून मी ते मानलं. मी चार वर्षं तात्पुरती होते. माझं कायम करण्याचं पत्र त्यांच्या टेबलाच्या खणात होतं, फक्त सही व्हायची होती. त्या पत्राबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. शहाणा माणूस खणाकडे बोट दाखवत नाही.

"पण साहेब, पल्पवाले विचारतील," मी म्हटलं. "आमचा लगदा यात कुठे आहे, म्हणून."

हे मात्र त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला. "कोण विचारेल?"

"बाबाच विचारतील. पल्पच्या वतीनं तेच बोलणार आहेत."

"लटारीराव." साहेब विचारात पडले. मग त्यांनी चहा मागवला. चहा आल्यावर सहज विचारल्यासारखं म्हणाले, "बांबू लाकूड नव्हे, हे तुझ्या वडिलांना ठाऊक आहे का गं?"

मला हसू आलं. म्हटलं, "साहेब, आमच्या घरी हे पाळण्यात शिकवतात." आणि मी त्यांना सोमाजी आजोबांची गोष्ट सांगितली.

आमच्याकडे लग्नाकार्यात ही गोष्ट सांगितल्याशिवाय पंगत उठत नाही. इंग्रजांच्या काळात आजोबांना जंगल गार्डानं दोन बांबूंसकट धरलं. कागदावर लिहिलं, 'झाड तोडले', आणि म्हणाला, अंगठा लाव आणि घरी जा. आजोबा अंगठा लावेनात. म्हणाले, "झाड नाही सायेब, गवत हाय. झाड कापलं का मरते, गवत कापलं का वाढते." गार्ड म्हणाला, "कायद्यात झाड आहे." आजोबा म्हणाले, "मंग तो कायदा कोन्या बुरडाले दाखवून घेतला नसन." तीन दिवस त्यांना जंगल कचेरीच्या पडवीत बसवून ठेवलं. भांडी घासली, पाणी भरलं, पण अंगठा लावला नाही. चौथ्या दिवशी, हा माणूस जेवतो फार, म्हणून त्यांनीच हाकलून दिलं.

देवस्थळी साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हणजे तुझे वडीलसुद्धा गवतच म्हणणार?"

"मरेपर्यंत," मी म्हटलं. मोठ्या ऐटीत म्हटलं.

"वा," ते म्हणाले आणि चहाचा कप खाली ठेवला. "तो निळा कागद फायलीत राहू दे. सोमवारी तू फक्त तक्त्याशी उभी राहा."

रविवारी संध्याकाळी बाबा अंगणात बसून चपलांना पॉलिश करत होते. पांढरा सदरा आईनं इस्त्रीवाल्याकडून आणून खुंटीला लावला होता.

"मंदे, उद्या तू बोलनार का?"

"नाही. मी फक्त तक्ता दाखवणार."

"मंग मी बोलीन. बाप बोलनार, पोरगी तक्ता दाखवनार. बुरडाच्या घरातले दोन मानसं एका मिटिंगमंदी. तुझा आजा पाहाले पाहिजे होता." त्यांनी चप्पल उलटी करून पाहिली. "हे फिनलंड कुठं हाय वो?"

"लांब. बर्फात."

"तिथं बांबू होते का?"

"नाही होत."

"मंग ते काहाचा लगदा करते बिचारे?"

"लाकडाचा, बाबा. मोठमोठी झाडं तोडून."

"झाडं मारून," बाबा म्हणाले, आणि त्यांनी खरोखर हळहळून च् च् केलं. फिनलंडची कीव करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही पाहिला नाही. "एक झाड वाढाले किती साल लागत असन. आपला बांबू पाहा, या साली तोडला का तीन सालात पुन्हा उभा."

निळा कागद मी फायलीत ठेवलाच नव्हता. तो माझ्या पर्समध्ये होता आणि पर्स माझ्या मांडीवर होती. एका वाक्याचं काम होतं: बाबा, बांबूचा तक्ता वेगळा आहे, चारशे बारा पान, उद्या तेवढं विचारा. बाबांनी ते पाठ करून ठेवलं असतं. पण मग तो पान नंबर लटारीला कोणी दिला, हे साहेबांना विचारावंही लागलं नसतं. मी पर्सची चेन लावली आणि आत जाऊन कणीक मळायला घेतली.

आईनं विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "डोकं दुखते." डोकं बिलकुल दुखत नव्हतं.

बैठक अतिथीगृहाच्या हॉलमध्ये होती. टेबलापलीकडे ते दोन मोठे साहेब, बाजूला देवस्थळी आणि इतर विभागांचे प्रमुख. समोर खुर्च्यांवर कामगारांचे दहा-बारा प्रतिनिधी, त्यात पहिल्या रांगेत बाबा. मी तक्त्याशी, हातात लाकडी छडी. मिलच्या फाटकाच्या आत बाबा मला कधी नावानं हाक मारत नसत. म्याडम म्हणत, आणि म्हणताना त्यांच्या मिशा हलत.

देवस्थळी साहेब छान बोलत. तीस वर्षांत जग कुठे गेलं आणि आपण कुठे राहिलो, हे त्यांनी सांगितलं. ते 'फिनलंड' म्हणाले की मी हिरव्या रेघेवरून छडी फिरवायची, 'आपण' म्हणाले की लाल रेघेवरून. लाल रेघेवरून छडी फिरवायला काहीच कष्ट नव्हते, हात सरळ ठेवला की झालं. मुख्य कचेरीतले साहेब माना डोलवत होते. त्यांच्यातल्या एकानं डायजेस्टर जन्मात पाहिला नसेल. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्यांची नावं लागत नाहीत.

मग देवस्थळी म्हणाले, "कोणाला काही विचारायचं आहे?"

बाबा उठले. सदऱ्याची बाही नीट केली आणि सावकाश बोलायला लागले. शक्य तितकं पुस्तकी बोलायचा प्रयत्न करत होते.

"साहेब, मी अठ्ठावीस वर्षं लगदा शिजवतो. मी लागलो तेव्हा एक डायजेस्टर होता. आज चार आहेत. तेव्हा आठ तासात दोन घाणे निघत होते, आज पाच निघतात. मंग आमचा लगदा वाढला का कमी झाला? वाढला. देशात आणखी मिला आहेत, तिथं पण वाढलाच असन. आणि ही लाल रेघ तर झोपली आहे. ही रेघ आमची नाही, साहेब. आमचा लगदा यात कुठं आहे?"

हॉलमध्ये कुजबूज झाली. मोठ्या साहेबांपैकी एकानं शेजाऱ्याला विचारलं, हा काय म्हणतोय. दुसऱ्यानं हिंदीत सांगितलं. पहिल्यानं तक्त्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मला वाटलं, संपलं. मला वाटलं, सुटलो आपण. मला मनापासून आनंद झाला, हेही सांगितलं पाहिजे, कारण त्यापुढचं सांगायचं आहे.

देवस्थळी उठून उभे राहिले. आवाज अगदी मऊ होता.

"लटारीराव, चांगला प्रश्न विचारलात. मला एक सांगा, तुम्ही लगदा कशाचा शिजवता?"

"बांबूचा, साहेब."

"बांबू म्हणजे काय? लाकूड की गवत? इथे तुमच्याइतकं कोणाला कळत नाही, म्हणून विचारतो. तुमच्या वडिलांनी म्हणे यापायी तीन दिवस जंगल कचेरीत काढले होते."

बाबांचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना. इतक्या मोठ्या माणसांत साहेबानं त्यांच्या बापाचं नाव काढलं होतं. ती गोष्ट साहेबांपर्यंत कशी पोचली, हे त्यांच्या मनातही आलं नाही. ते ताठ उभे राहिले.

"गवत, साहेब. झाड कापलं का मरते, गवत कापलं का वाढते. बांबू हे गवत."

"नक्की?"

"बुरूड आहो, साहेब. जीव गेला तरी लाकूड म्हणणार नाही."

"झालं तर मग," देवस्थळी म्हणाले. "हा तक्ता लाकडाच्या लगद्याचा आहे. वर लिहिलंच आहे. तुमचा गवताचा लगदा यात कसा असेल?"

मोठे साहेब हसले. त्यांच्यातला एक म्हणाला, "मतलब तीस साल से हम लोग घास पका रहे हैं!" आणि मग सगळेच हसले, विभागप्रमुख हसले, मागे बसलेले कागद विभागातले दोन प्रतिनिधीही हसले. बाबांनाही आधी समजलं नाही, तेही थोडे हसले. मग त्यांचं हसू थांबलं.

पण बाबा बसले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

"म्याडम," ते म्हणाले, "लाकडाचा तक्ता आहे, तर गवताचा पण असन. त्या बुकात गवताचा तक्ता नाही का?"

पर्स माझ्या पायाशी खुर्चीला टेकून ठेवलेली होती आणि निळा कागद तिच्यातच होता. वाकायचं आणि काढायचा. बाबा वाट पाहत होते. त्यांच्या नजरेत शंका नव्हती, नुसता प्रश्न होता. घड्याळात किती वाजले विचारताना असते तशी नजर. देवस्थळी माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हते. ते टेबलावरचे कागद सारखे करत होते.

"नाही," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. मागे वळून आपल्या पल्पवाल्यांना सांगितलं, "नाही म्हणते. ते आकड्यात चुकत नाही." आणि ते खाली बसले.

मंगळवारी मला पत्र मिळालं. मी कायम झाले. मिल नऊ वर्षांनी बंद पडली, पण मी कायम.

मार्चमध्ये पल्प बंद झाला. चारही डायजेस्टर थंड झाले आणि आठ दिवसांत गावातला तो वास गेला. लोकांना झोप येईना. एकशेचाळीसातल्या थोड्यांना इकडे तिकडे घेतलं, बाकीच्यांना हिशेब करून घरी पाठवलं. बाबांना गोदामात घेतलं, माझे वडील म्हणून. तिथे परदेशी लगद्याचे गठ्ठे उतरवून घ्यायचं काम होतं. पहिला गठ्ठा आला त्या दिवशी बाबांनी त्याचा एक तुकडा घरी आणला. पुठ्ठ्यासारखा, दुधासारखा पांढरा. पाण्यात भिजवून त्यांनी तो बोटांत चोळून पाहिला.

"चांगला शिजवला आहे," ते म्हणाले. बाबांनी कोणाच्या कामाला कधी उगाच नावं ठेवली नाहीत. "पण वास नाही याले."

सहा महिन्यांनी त्यांनी गोदाम सोडलं आणि पुन्हा सुपं-टोपल्या विणायला बसले. मी पैसे देत होते, ते आईला देत होते, स्वतः घेत नसत. भांडण मात्र कधी केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. त्या बैठकीबद्दल आमच्या घरात एक अक्षर बोललं गेलं नाही, आणि लग्नाकार्यात सोमाजी आजोबांची गोष्ट सांगायचं बाबांनी बंद केलं. कोणी आग्रह केला तर म्हणत, "विसरलो बावा."

पुढे कधीतरी सरकारनं कायदा बदलला, बांबूला झाडांतून काढलं. पण ते फार पुढे, बाबा गेल्यानंतर. मी सांगते आहे ते शहाण्णवचं.

एका सकाळी ऑफिसात निरोप आला की तुमच्या वडिलांना जंगल कचेरीत बसवून ठेवलं आहे. बुरडांना सरकारी कार्डावर बांबू मिळायचा, पण त्या वर्षी सहा-सात महिने डेपोत बांबू आलाच नव्हता. बाबा कोयता घेऊन जंगलात गेले होते. मी मिलची जीप घेऊन गेले. बाबा पडवीत बसलेले होते, बाजूला बारा हिरवे बांबू. तीच ती पडवी असावी. विचारायची हिंमत झाली नाही.

गार्ड तरुण होता आणि वागायला नीट होता. "म्याडम, तुम्ही मिलच्या ऑफिसर. दंड भरा, कबुली द्या, घेऊन जा बाबांना. मला फक्त कागद पूर्ण पाहिजे." त्यानं पंचनामा वाचून दाखवला. 'विनापरवाना झाड तोडले. जात बांबू, नग बारा.' मग बाबांना विचारलं, "बाबाजी, मान्य आहे का? झाड तोडलं?"

मी बाबांकडे पाहिलं. खरं सांगते, मी वाट पाहत होते. आता बाबा ताठ होतील, आता ते वाक्य बोलतील, मग तीन दिवस लागोत की तेरा, मी इथे डबा घेऊन येईन. मला ते वाक्य ऐकायचं होतं. पाच वर्षं मी त्या वाक्याची वाट पाहत होते.

"हो, साहेब," बाबा म्हणाले. "झाड होय." आणि त्यांनी सही केली. बाबांना सही करता येत होती, मिलमध्ये शिकले होते.

"बाबा," मी हळूच म्हटलं, "झाड काहून म्हटलं?"

"मंग का म्हनू?" बाबा म्हणाले. "गवताचा तक्ताच नाही ना, बाई. तूच पाहून सांगितलं होतं."

आवाजात राग नव्हता. ते माझ्याकडे पाहत राहिले. चिमूटभर लगदा बोटात घेऊन, शिजला की अजून कच्चा आहे, हे पाहताना ते जसे थांबत, तसे थांबले. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबले असावेत. मग त्यांनी मान वळवली आणि कोयता कुठे ठेवलाय म्हणून गार्डाला विचारलं.

गार्डानं कागद माझ्याकडे सरकवला. "म्याडम, साक्षीदाराची एक सही लागते."

मी 'झाड, नग बारा'च्या खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.